आईच्या उशीतला आवाज: शोधाच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी

आमची इमारत कोथरूडमध्ये, १९९४ची. पार्किंग आणि वर चार मजले, सोळा फ्लॅट. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मी कॉमर्सची, दिवस टॅलीत जातो, त्यामुळे यातलं काहीच मला आधी ठाऊक नव्हतं. रात्रीच्या घुमघुमीने ज्यांच्या घरातलं माणूस जागं राहतंय त्यांना माझ्या चुकांचा तरी उपयोग होईल, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतेय.

३ नोव्हेंबर २०२४, रविवार, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर आई भावाला म्हणाली, "रात्री काहीतरी घुमतं रे. कोजागिरीपासून. लांब कुठेतरी ट्रक उभा करून इंजिन चालू ठेवलंय असं वाटतं. मग थांबतं. डोळा लागतोय तोवर परत सुरू." मला तिने हे आधी दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा मी तिच्या खोलीत जाऊन उभी राहिले, काही ऐकू आलं नाही, आणि "वय झालं की होतं असं" म्हणून परत आले. भावाला सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एकाहत्तर वर्षांची आहे आणि तीन आठवडे नीट झोपलेली नाही. आजपासून वही सुरू केली.

५ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे. कानातच आवाज होण्याचा त्रास असू शकतो, म्हणून आधी तो प्रश्न मिटवायचा होता. ऑडिओग्रॅमचे ८०० रुपये. वयामुळे वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, खालच्या पट्टीतलं छान ऐकू येतं, असा निष्कर्ष. तपासणीपेक्षा जास्त उपयोगी ठरलं ते पुढचं: आईला दोन रात्री सदाशिव पेठेत मावशीकडे झोपायला पाठवलं. दोन्ही रात्री आवाज नाही. सकाळी सात वाजेपर्यंत झोपली होती, असं मावशीने सांगितलं. कानातला आवाज माणसाबरोबर मावशीकडेही गेला असता. हा आमच्या घरातच राहिला.

८ नोव्हेंबर, रात्री १.३०

घरातला मेन स्विच पाडला. फ्रीज, पंखे, सगळं बंद. आई म्हणाली, "आता तर जास्तच येतोय." मीही पहिल्यांदाच काहीतरी ऐकलं आणि हुरळून गेले. पाच मिनिटांनी लक्षात आलं की मेन पाडल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला होता आणि मी त्याचीच घरघर ऐकत होते. इन्व्हर्टरही बंद करून परत बसलो. मला काही नाही. आईला आहेच.

घर वगळलं. (हे अर्धंच खरं होतं, ते पुढे कळेल.)

९ ते १४ नोव्हेंबर

हे सहा दिवस वाया गेले. फोनवर स्पेक्ट्रॉइड नावाचं अ‍ॅप घेतलं. आवाजात कोणती कंपनं किती आहेत ते त्यात आलेखावर दिसतं. खिडकीत फोन ठेवला की १०० हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) ठसठशीत सुळका. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरमधला लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणला जातो आणि सैल होतो, म्हणून त्याची गुणगुण १००वर येते. कोपऱ्यावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहेच. सापडला चोर, असं मला वाटलं. अर्ज केला, वायरमन येऊन बघून गेला, त्याने हात ठेवून दाखवलं, सगळं जागेवर घट्ट होतं.

तेव्हाच दोन गोष्टी मनात यायला हव्या होत्या. डीपी कोजागिरीला आलेला नाही, वर्षानुवर्षं तिथेच आहे. आणि डीपीचा आवाज अखंड असतो, आईचा आवाज थांबून थांबून येतो. ती हे पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी आलेख बघत बसले, ती काय सांगते ते वहीत लिहूनही वाचलं नाही.

१५ नोव्हेंबर

सगळ्यात महाग चूक. आईच्या खोलीची जुनी सरकती खिडकी काढून दुहेरी काचेची बसवली. २१,००० रुपये. रिक्षांचा आणि कुत्र्यांचा आवाज खरंच गेला. रात्री दोनला आईने हाक मारली: "अगं, आता दुसरं काहीच ऐकू येत नाही, तेवढाच येतो." रस्त्याच्या आवाजाखाली तो थोडाफार झाकला जात होता, तो मी उघडा केला. कारण सापडेपर्यंत खिडक्यांना हात लावू नका.

१७ नोव्हेंबर

मागच्या गल्लीत पुनर्विकासात झालेली अकरा मजली इमारत आहे. तळघरात सांडपाणी शुद्ध करण्याचा प्लांट, त्याचा ब्लोअर चोवीस तास चालतो. मी सेक्रेटरी काकांना सांगूनही टाकलं होतं की आवाज त्यांचाच. तिथल्या मॅनेजरने विनंती ऐकली आणि रात्री १२.४० ला ब्लोअर दहा मिनिटं बंद ठेवला. मी त्यांच्या गेटवर उभी, आई फोनवर. "थांबला?" "नाही. आत्ताच परत सुरू झाला."

दुसऱ्या दिवशी जाऊन त्या मॅनेजरची माफी मागितली. आधी बंद करून बघायचं, मग नाव घ्यायचं, हा क्रम मी उलटा केला होता.

१९ नोव्हेंबर

ध्वनिमापक भाड्याने आणला, दिवसाचे १,२०० रुपये. खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवला. रात्रभर ३० ते ३१ डेसिबल. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ची. कागदावर आमची खोली शांत ठरली. सेक्रेटरी काका म्हणाले, "आकडेच सांगतायत की." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन आल्यावर दिवसभर वाचत बसले. आईला वाचून दाखवलं, कारण तिला वाटत होतं की हे जगात फक्त तिलाच होतंय. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १९७०च्या दशकात लोक अशाच घुमघुमीची तक्रार करत होते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ताओसमध्ये १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी पाहणी केली, तिथे साधारण शंभरात दोघांना आवाज ऐकू येत होता आणि उगम सापडला नाही. कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोमध्ये तर हाउसबोटींत राहणाऱ्यांची झोप उडवणारे मासे निघाले, विणीच्या काळात गुणगुणणारे नर. इंडियानातल्या कोकोमो गावात २००३ च्या तपासणीत एका कारखान्याच्या कूलिंग टॉवरचा ३६ हर्ट्झचा आणि दुसरीकडच्या कॉम्प्रेसरचा १० हर्ट्झचा आवाज सापडला. कॅनडातल्या विंडसरमध्ये लोक कित्येक वर्षं तक्रार करत राहिले, रोख नदीपलीकडच्या झग आयलंडवरच्या पोलाद कारखान्याकडे होता. २०२० मध्ये तिथल्या भट्ट्या थंडावल्या आणि आवाजही थांबला.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे शोधला तर सापडतो." मी ताओसबद्दल परत काही बोलले नाही.

त्याच संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढायला गेले तेव्हा पाण्याच्या टाकीशेजारचा नवा प्रेशर पंप सुरू झालेला पाहिला. तिसऱ्या-चौथ्या मजल्याला धार बारीक येते म्हणून सोसायटीने दसऱ्याला तो बसवला. मी पाहिला आणि सोडून दिला, कारण रात्री दोनला पाणी कोण वापरतंय?

२३ नोव्हेंबर, शनिवार

निकालाचा दिवस, साडेअकरापर्यंत फटाके आणि ढोल. ते शांत झाल्यावर मी परत आईच्या खोलीत जाऊन उभी राहिले, नेहमीसारखी पंख्याखाली, श्वास रोखून. काही नाही. आई पलंगावरूनच म्हणाली, "तिथे उभी राहून काय ऐकतेस? इथे ये. उशीवर डोकं टेक."

टेकलं. मिनिटभर काही नाही. मग आला. कानात येण्याआधी तो गालाखाली, उशीच्या अभ्र्यात जाणवला, लाकडी पाटावर कुणी दुसऱ्या टोकाला जातं फिरवावं तसा. पंधरा सेकंद राहिला आणि विझला. मी उठून खोलीच्या मध्यावर गेले आणि पुढच्या वेळेची वाट पाहिली. मध्यावर अजिबात नाही. भिंतीपाशी कान नेला की आहे. समोरच्या भिंतीपाशीही आहे. मधोमध नाही.

वीस दिवस मी रोज त्याच एका जागी उभी राहत होते जिथे तो ऐकू येत नाही. ध्वनिमापकही तिथेच ठेवला होता. आईजवळ बसून तिला सांगितलं की तू म्हणत होतीस ते सगळं बरोबर होतं. ती म्हणाली, "आता झोप जा, उशीर झालाय."

२४ नोव्हेंबर

भाऊ आला. तो चिंचवडला एका वर्कशॉपमध्ये आहे, मोटारी रोज हाताखाली असतात. फोन उशीवर ठेवून रेकॉर्ड केलेलं त्याला लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवलं. १००चा सुळका होताच, पण आवाज सुरू असतानाच्या पंधरा सेकंदांत त्याच्या डावीकडे आणखी एक उठत होता: ४८.७. फोनचा माइक इतक्या खालच्या आवाजाला कमजोर असतो, म्हणून मला तो आधी दिसला नव्हता.

भावाने लगेच सांगितलं, "५० असता तर वीज. ५०च्या जरा खाली म्हणजे फिरणारी मोटर. दोन पोलची. मिनिटाला तीन हजाराच्या जरा आत फेरे." ४८.७ गुणिले ६० म्हणजे २,९२२.

मग त्याने टेपने खोली मोजली. उशाच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत बारा फूट, ३.६६ मीटर. या आवाजाची एक लाट साधारण सात मीटर लांब. खोलीत जवळजवळ बरोबर अर्धी लाट मावते. अशा वेळी दोन्ही भिंतींपाशी आवाज फुगतो आणि मध्यावर पडतो. आईच्या पलंगाचं उसं भिंतीला टेकलेलं.

ध्वनिमापक परत आणला (आणखी १,२००), या वेळी उशीवर. त्यावर ए आणि सी अशी दोन वजनं, म्हणजे कोणत्या कंपनांना किती धरायचं त्याच्या पद्धती, निवडता येतात. नियमातली मर्यादा ए वर मोजतात. ए वजन ५० हर्ट्झच्या आवाजातून जवळपास ३० डेसिबल वजा करतं, सी जेमतेम एकदीड. उशीवर ए: ३१ ते ३२, आवाज असो वा नसो. सी: एरवी ४५, आवाज सुरू झाला की ५८. इतक्या खालचा आवाज माणसाला ऐकू यायलाच चव्वेचाळीसच्या आसपास लागतात. सेक्रेटरी काकांना बोलावून दोन्ही आकडे दाखवले. त्यांनी स्वतः उशीवर डोकं टेकून ऐकलं, आणि तिथून पुढे ते आमच्या बाजूने होते.

२५ नोव्हेंबर

रात्री १ ते २ घड्याळ लावून बसले. पंधरा सेकंद चालू, एक मिनिट पंचावन्न सेकंद बंद, परत चालू. तासात अठ्ठावीस वेळा. रात्री ११ ते पहाटे ५ धरलं तर दीडशेच्या वर. एवढ्या वेळा आईची झोप मोडत होती.

२६ नोव्हेंबर, रात्री १.१०

वॉचमनदादांना घेऊन गच्चीवर. आई फोनवर. पंपाजवळ उभे राहिलो. पंप सुरू झाला, आईने त्याच क्षणी "आला" म्हटलं. बंद झाला, "गेला". सहा वेळा मोजलं, सहाही वेळा जुळलं. मग पंपाचा स्विच बंद करून अर्धा तास खाली आईजवळ बसले. अर्ध्या तासात एकदाही नाही. ती तशीच बसल्या बसल्या झोपली.

पंपाच्या पट्टीवर २,८८० फेरे लिहिलेत. भावाच्या म्हणण्याप्रमाणे तो आकडा पूर्ण भाराचा, पाणी फारसं वाहत नसताना मोटर त्याहून जरा जोरात फिरते.

गच्चीवर त्या पंपाचा आवाज काहीच नाही. शेजारी उभं राहून बोलता येतं. दोन मजले खाली, भिंत ओलांडून, तो झोप मोडतो. पंप सिमेंटच्या ठोकळ्यावर बोल्टने आवळलेला, त्यातून निघालेला पाइप डक्टमधून (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) खाली येतो, आणि आईच्या उशामागची भिंत म्हणजेच डक्टची भिंत. पाइपाचे क्लॅम्प तिच्यातच ठोकलेले.

३० नोव्हेंबर

कमिटीची बैठक. पंप बसवणाऱ्या प्लंबरला बोलावलं. कुणीही वाद घातला नाही, कारण काकांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. खर्च सोसायटी करेल असं ठरलं. तोवर रात्री ११ ला वॉचमनदादा हाताने पंप बंद करतील.

४ डिसेंबर: पहिली दुरुस्ती, फसली

पंपाखाली जाड रबर घातलं. उशीवर सी ५८चा ५७. भावाने फोटो पाहून सांगितलं की बोल्ट रबरातून आरपार जाऊन ठोकळ्यात परत तितकेच आवळलेत, म्हणजे कंपन रबर टाळून बोल्टमधून उतरतंय. शिवाय पाइप कडकच आहे. एक दिवस आणि प्लंबरची एक खेप फुकट.

८ डिसेंबर: दुसरी दुरुस्ती

बोल्टला रबरी बुश आणि वर-खाली रबरी वॉशर, आणि आवळताना रबर चपटं होणार नाही इतपतच. पंपाच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांत दीड-दीड फूट विणलेला लवचिक होज. डक्टमध्ये आमच्या मजल्यापर्यंत नऊ क्लॅम्प होते. चार काढून टाकले, पाचांत रबराची पट्टी घातली. डक्टमध्ये उतरून हे करायला प्लंबर आणि त्याचा मुलगा दोघांना साडेपाच तास लागले. माल आणि मजुरी ४,६००.

उशीवर सी ४९. मला आता उशीवरही शोधावा लागतो. आईला अजून येतो, "पण लांबून".

११ डिसेंबर

उरलेला प्रश्न: रात्री कोणी पाणी वापरत नसताना पंप का सुरू होतो? याला प्रेशरची टाकी नाही, नुसता ऑटो कंट्रोलर आहे. पाइपातला दाब जरासा पडला की पंप सुरू, वाहणं थांबलं की थोडा वेळ चालून बंद. म्हणजे कुठेतरी सतत गळतंय.

वरच्या दोन मजल्यांचे आठ फ्लॅट. प्रत्येकाच्या फ्लशच्या टाकीत रात्री रंग टाकून सकाळी भांड्यात उतरला का ते बघायचं. आधी हळद टाकली, ती तळाशी बसून राहिली. मग बिटाचा रस. सकाळी तीन घरांत भांड्यात गुलाबी ओघळ.

त्यातलं एक घर आमचं. आईच्याच बाथरूममधला फ्लश. केसाएवढी धार, पांढऱ्या भांड्यावर नुसती दिसतसुद्धा नव्हती. ८ नोव्हेंबरला मी घर वगळलं होतं ते विजेपुरतं. पाण्याचा विचार केला नव्हता. टाकीत पेन्सिलने रेघ मारून आत येणारं पाणी बंद केलं, तासात साधारण पाच लिटर गेलं. आतलं रबरी सील बदललं, १८० रुपये, वीस मिनिटं.

तिन्ही घरांची सीलं बदलल्यावर पंप दोन मिनिटांऐवजी एकोणीस मिनिटांनी सुरू होऊ लागला. गच्चीतल्या कुंड्यांजवळचा नळ ठिबकत होता, तो बदलल्यावर पहाटे १ ते ४ मध्ये एकदाही नाही.

१५ डिसेंबर

तरीही टायमर बसवला, ९५० रुपये. गळती परत होणारच आणि आईला परत महिनाभर जागायला नको. रात्री ११ ते ५ पंप बंद, पाणी गच्चीच्या टाकीतून नुसत्या उताराने येतं. दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरचे काका आले. ते साडेचारला आंघोळ करतात आणि धार करंगळीएवढी. वेळ बदलून ४.१५ केली.

१२ जानेवारी २०२५

चार आठवडे झाले. आई रात्री एकदा उठते, पाणी पिते, झोपते. माझ्या खिशातून २४,४०० च्या जवळपास गेले. त्यातली खिडकी आणि पहिल्या वेळचं मापकाचं भाडं निव्वळ वाया. गुण आला तो सोसायटीच्या साडेपाच हजारांनी आणि १८० रुपयांच्या सीलने.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आज तिळाचे लाडू करायला बसलेल्या आईला भेटायला आल्या. त्यांनी दिवाळीपासून झोपायचा पलंग हॉलमध्ये हलवला होता. बेडरूममध्ये "जीव घाबरतो" एवढंच त्यांनी घरी सांगितलं होतं. त्यांच्या उशामागेही तीच डक्टची भिंत. मी आणि भावाने त्यांचा पलंग परत आत नेऊन लावला, उसं दुसऱ्या भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवून.

कोपऱ्यावरचा डीपी १०० हर्ट्झवर गुणगुणतोच आहे. आईला विचारलं, तर म्हणाली, "तो होय, तो जुना आहे. तो चालतो."

होज रबरी आहेत, उन्हात तडकतात. एप्रिलमध्ये तपासायचे.